अतिथी कलावंत आणि अरण्याची कैफियत

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमध्ये चित्रकार, लेखक, संगीतकार यांना काही आठवड्यांच्या वास्तव्यासाठी निमंत्रित करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झाली. निवासाच्या सोयीच्या मोबदल्यात एखादा जाहीर कार्यक्रम आणि अनेकदा उद्यानाच्या संग्रहासाठी एक कलाकृती, असे तिचे सामान्य स्वरूप आहे. पर्यावरणरक्षणाला अनुकूल लोकमत घडवावे, ही अपेक्षा कधी स्पष्ट असते, तर कधी गृहीत. या अपेक्षेमुळे कलेच्या स्वायत्ततेला बाध येतो, असा आक्षेप सहज सुचतो. परंतु तो प्रश्नाच्या मुळाशी जात नाही.

भारतीय काव्यशास्त्राला उपदेश वर्ज्य नाही. मम्मटाने वेदांचा प्रभुसंमित, पुराणेतिहासांचा सुहृत्संमित आणि काव्याचा कांतासंमित असा उपदेशाचा भेद केला. काव्य आज्ञा करीत नाही. ते सरसतेने रसिकाला अभिमुख करते. तेव्हा कलेने पक्ष घ्यावा की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. एका गोष्टीकडे अभिमुख करताना ती कोणाकडे पाठ फिरवायला लावते, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने निवासयोजनांची पूर्वपीठिका उद्बोधक ठरते. १८७१ मध्ये फर्डिनंड हेडन यांच्या सर्वेक्षण-मोहिमेबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगचित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे यांनी काँग्रेस-सदस्यांचे मन वळवण्यास हातभार लावला. १ मार्च १८७२ रोजी उद्यानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मोरानचे यलोस्टोनच्या घळीचे भव्य तैलचित्र काँग्रेसने १०,००० डॉलरना विकत घेतले. हे चित्र एकाच जागेवरून दिसणाऱ्या दृश्याची नक्कल नव्हे. त्याचे सामर्थ्य रचनेत आहे. त्याच्या अग्रभागी एका मूळनिवासी पुरुषाची चिमुकली आकृतीही आहे. मात्र नजर तिच्यावर न थांबता उजळलेल्या कड्यांकडे जाते. पुढील काही वर्षांत तेथील तुकुदिका शोशोनींना उद्यानाबाहेर राखीव वस्त्यांत जावे लागले. चित्राने त्यांना हाकलले, असे म्हणणे अतिव्याप्त होईल. तथापि, त्यांच्यावाचूनही पूर्ण वाटणारे अरण्य या चित्राने डोळ्यांच्या सवयीचे केले, हे नाकारता येत नाही.

ॲन्सेल ॲडम्सचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सिएरा नेवाडाच्या छायाचित्रांचा त्याचा संग्रह १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि किंग्ज कॅन्यन उद्यानाच्या बाजूने त्याचा उपयोग झाला. १९४० मध्ये ते उद्यान अस्तित्वात आले. पुढे १९४३-४४ मध्ये त्याच पर्वताच्या पायथ्याशी मांझानार येथे स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची छायाचित्रे त्याने घेतली. त्याच्या कॅमेऱ्याला माणूस अपरिचित नव्हता. परंतु येथे माणूस केंद्रस्थानी आला तो उद्यानाच्या चौकटीबाहेर.

मानवस्पर्शरहित अरण्य ही निसर्गाची अवस्था नसून संस्कृतीची निर्मिती आहे, असे विल्यम क्रोनन यांनी १९९५ मध्ये साधार मांडले. निवासी कलावंताने याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्याचे एकांताचे घर, मर्यादित मुदत आणि यजमान संस्था ही सारी व्यवस्थाच त्या कल्पनेला पोषक असते. ‘निवासी’ हे त्याचे अभिधान असले, तरी वस्तुतः तो पाहुणा असतो. ज्यांचा तेथे निवास होता, ते त्या घराचे यजमान नसतात.

म्हणून अशा कलाकृतींचे मूल्यमापन त्या किती जनजागृती करतात, एवढ्यावर थांबता कामा नये. मम्मटाच्या कांतेचे वचन गोड असते ते पतीला रुचणारेच बोलण्यासाठी नव्हे, तर त्याला हिताकडे वळवण्यासाठी. अरण्याची कैफियत मांडणारी कला आपल्या यजमानालाही न रुचणारे हित सांगू शकते काय, यावरच तिच्या वकिलीची आणि तिच्या कलात्मकतेचीही परीक्षा होईल. सौंदर्याने भारलेली नजर त्या चिमुकल्या आकृतीकडे परत वळवणे हे कलेवरचे ओझे नव्हे; ते तिच्या रचनेसमोरचे अवघड आव्हान आहे.