चोर कोण, यापेक्षा दार उघडं कुणी ठेवलं?

रुग्णालयावर सायबर हल्ला झाला की आपली चर्चा ठरलेली असते. हॅकर कुठल्या देशातला, खंडणी किती मागितली? आमच्या मते ही चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते.

नोव्हेंबर २०२२ मधलं दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. पाच सर्व्हर बाधले, सुमारे १.३ टेराबाइट माहितीला परक्याचं कुलूप लागलं. केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं कितीतरी दिवस हातानं लिहावं लागलं. सरकारनं संसदेत कारण सांगितलं, ते नेटवर्कचे कप्पे नीट पाडले नसल्याचं. म्हणजे एका खोलीतली आग वाडाभर पसरली. आणि ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

आता आपल्या राज्याकडे या. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा अहवाल गाजला. भारतातल्या रुग्णांच्या एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या १२ कोटींवर प्रतिमा इंटरनेटवर उघड्या होत्या. त्यात महाराष्ट्र पहिला, सुमारे ७ कोटी प्रतिमा! सोबत रुग्णांची नावं, जन्मतारखा. इथं कुणी कुलूप तोडलं नव्हतं. कुलूपच नव्हतं.

कळंबला याचं काय, असं म्हणाल. मोठ्या तपासणीला आपण लातूर, बार्शी, सोलापूर गाठतो. आपली माहिती तिकडच्या संगणकात राहते. बँकेचा पिन बदलता येतो, आजार बदलता येत नाही. टीबीचा किंवा एचआयव्हीचा रिपोर्ट फुटला, तर तालुक्याच्या गावात सोयरीक मोडायला तेवढं पुरतं.

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. ठीक. पण दंड नंतरचा. बॅकअप रोज कोण घेणार, हे कायदा ठरवत नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतात, रात्री अपघाताचा पेशंट आला तर पासवर्ड शोधत बसू का? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं, आणि संगणक बंद पडला तर कागदावर काम कसं चालवायचं याची तालीम हवी. त्यासाठी माणूस आणि पैसा लागतो. नुसत्या परिपत्रकानं ते होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर आधार, आभा क्रमांक मागितला, तर द्या. पण विचारा: हे कुठं ठेवता, कोण बघतं, बॅकअप कधी घेतला? उत्तर नसेल, तर पुन्हा विचारा.