१२१ फटक्यांचं काय करायचं?

गोल्फमध्ये आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला. १८ होल, प्रत्येक होलसाठी ठरवून दिलेले फटके, आणि त्या सगळ्यांची बेरीज साधारण ७२. या बेरजेला पार म्हणतात. जुलै १९७६ मध्ये ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीत, इंग्लंडमधल्या फॉर्म्बीच्या मैदानावर, मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या ४६ वर्षांच्या माणसाने एका राउंडला १२१ फटके घेतले. पारपेक्षा ४९ जास्त. त्या वर्षीची ओपन जॉनी मिलरने जिंकली, ती चार राउंड मिळून २७९ फटक्यांत. म्हणजे मिलर जेवढ्या फटक्यांत जवळजवळ पावणेदोन राउंड संपवत होता, तेवढ्यात मॉरिसचा कसाबसा एक झाला. ओपनच्या इतिहासातला सर्वांत वाईट स्कोअर म्हणून हा आकडा आजही सांगितला जातो.

मॉरिस बॅरो-इन-फर्नेसच्या व्हिकर्स जहाज कारखान्यात क्रेन चालवायचा. टीव्हीवर गोल्फ पाहिला, आवडला, पोस्टाने अर्धा सेट मागवला, समुद्रकिनारी आणि मोकळ्या मैदानांत सराव केला आणि थेट ओपनचा अर्ज भरला. हौशी खेळाडूला अर्जात आपला हँडिकॅप सांगावा लागायचा. मॉरिसकडे हँडिकॅप नव्हता. मग त्याने 'व्यावसायिक' या चौकटीत खूण केली. हौशी माणसाच्या हातून घडलेला जगातला सगळ्यात प्रसिद्ध वाईट राउंड त्यामुळे व्यावसायिकांच्या खात्यावर जमा आहे.

या माणसावर 'द फँटम ऑफ द ओपन' नावाचा चित्रपट २०२१ मध्ये आला. दिग्दर्शक क्रेग रॉबर्ट्स, मॉरिसच्या भूमिकेत मार्क रायलन्स, त्याची बायको जीन म्हणून सॅली हॉकिन्स. पटकथा सायमन फार्नबीची. त्यानेच स्कॉट मरेबरोबर मॉरिसचं चरित्र आधी लिहिलं होतं. चित्रपट गोड आहे, रविवारी दुपारी घरच्यांबरोबर बघावा असा. माझी तक्रार त्या गोडपणाशीच आहे.

आधी जमलेलं सांगतो. राउंडचा भाग उत्तम आहे. रायलन्स हा फटका मारतानाचा नट नाही, फटका मारून झाल्यावरचा नट आहे. बॉल काही पावलांवर जाऊन थांबतो, आजूबाजूचे लोक एकमेकांकडे बघायला लागतात, आणि मॉरिस बॉल गेला त्या दिशेला शांतपणे चालू लागतो. खांदे पडलेले नाहीत, मान खाली नाही. चुकीच्या थांब्यावर उतरलेला माणूस पुढची बस कधी येईल हे बघतो, तसा चेहरा. हे करणं अवघड आहे. जराही जास्त झालं असतं तर मॉरिस येडा वाटला असता, आणि जराही कमी झालं असतं तर हुतात्मा.

पण हळूहळू लक्षात येतं की या मॉरिसला १२१ लागतच नाही. तो आकडा त्याला शिवत नाही. चित्रपटाने त्याला निरागसतेचं असं काही कवच घातलंय की वाईट दिवस त्याचा नसतोच, इतरांचा असतो. आर अँड ए या गोल्फच्या नियामक संस्थेचे कीथ मॅकेन्झी लाल होतात, तो त्यांचा वाईट दिवस. कारखान्यात वरच्या हुद्द्यावर चढू पाहणारा सावत्र मुलगा मायकल वडिलांचं नाव निघालं की साहेबांसमोर अवघडतो, तो त्याचा. मॉरिसला दुःख होतं ते मायकलचं. स्कोअरचं नाही.

इथे चित्रपट सगळ्यात अवघड प्रश्नाला वळसा घालून जातो. आपण वाईट खेळलो हे ज्याला कळतं, त्याने काय करायचं? कारण जगभरचे हौशी गोल्फर हे असेच आहेत. आठवडाभर नोकरी करतात, रविवारी पहाटे उठतात, पहिल्या होलला बॉल झाडीत घालतात, सातव्याला तळ्यात, आणि सगळं कळत असताना उरलेले अकरा होल खेळतात. त्यांच्याकडे ना रायलन्सचा चेहरा असतो, ना टाळ्या वाजवणारे लोक.

खरा मॉरिस या लोकांच्या जास्त जवळचा होता, असं त्याच्याबद्दल वाचताना वाटतं. राउंडनंतर त्याने कारणं दिली: कंबर धरली होती, आणि ज्यावर आपला हात बसलाय तो चार नंबरचा वुड गाडीतच राहिला होता. ही कारणं वाचून मला तो एकदम आपल्यातला वाटला. गल्ली क्रिकेटमध्ये शून्यावर परतलेला प्रत्येक जण हेच सांगतो. बॉल टप्पा पडून खाली राहिला, उन्हाची तिरीप आली, बॅट दुसऱ्याची होती. कारण देणारा माणूस दुखावलेला असतो. आज जो खेळला तो खरा मी नव्हे, एवढंच त्याला म्हणायचं असतं.

आणि गंमत अशी की गोल्फची नियमावली त्याचं हे म्हणणं चक्क मान्य करते.

हँडिकॅप म्हणजे पारच्या तुलनेत तुमची पातळी किती, हे सांगणारा आकडा. तो असला की कच्चा आणि पक्का खेळाडू एकाच स्पर्धेत बरोबरीने खेळू शकतात. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत तो काढताना तुमचे शेवटचे २० राउंड घेतात आणि त्यातल्या सर्वोत्तम ८ राउंडची सरासरी धरतात. १२ राउंड बाजूला. शिवाय एका होलवर कितीही फटके गेले तरी हँडिकॅपच्या हिशेबात एका मर्यादेपर्यंतच धरतात. ज्याला प्रत्येक होलमागे एका फटक्याची सवलत आहे, त्याने पार चारच्या होलवर ११ फटके घेतले तर हिशेबात ७ धरले जातात. स्पर्धेच्या कार्डावर मात्र ११ हे ११ च राहतात.

मी दिवसभर सर्व्हरचे आकडे बघणारा माणूस आहे, त्यामुळे हे वाचून मला आधी फक्त मजा वाटली: आउटलायर कापायची जुनीच युक्ती. पण बारकाईने पाहिलं तर इथे काहीच कापलेलं नाही. वाईट राउंडही नोंदवावाच लागतो, आणि त्या वीसमधली आपली जागा तो अडवून बसतो. तो लपवता येत नाही. फक्त तुम्ही कोण आहात हे ठरवताना त्याचं मत विचारलं जात नाही.

याच्याही आधी फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी दुसरी वाट काढली होती. मे १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबवर त्यांच्या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली. त्यात फटके मोजायचे नाहीत, प्रत्येक होलला गुण मिळवायचे. पारमध्ये संपवलं तर दोन, एक फटका जास्त गेला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा त्याहून जास्त गेले तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही. एका होलवर तुम्ही जास्तीत जास्त शून्यापर्यंतच बुडू शकता. मग बॉल उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. पहिल्याच दोन होलवर वाट लागलेल्या माणसालाही तिसरं होल खेळण्यात अर्थ उरावा, एवढी साधी सोय.

वाईट दिवसाबद्दल मी जे काही पाहिलं-वाचलं, त्यात नियमावलीतल्या या दोन तरतुदी मला दोन तासांच्या चित्रपटापेक्षा जास्त शहाण्या वाटल्या. त्या धीर देत नाहीत, पाठ थोपटत नाहीत. जे झालं ते लिहायला लावतात आणि पुढे जाऊ देतात.

आता मॉरिसच्या अर्जातली ती रिकामी जागा पुन्हा बघा. खेळाने हौशी माणसाच्या वाईट दिवसासाठी जी काही माया राखून ठेवली होती, ती हँडिकॅपमध्ये होती, आणि हँडिकॅप मिळायचा क्लबात. क्रेन चालवणाऱ्या माणसाला तिथे प्रवेश सोपा नव्हता. ज्याच्या वाईट दिवसाला कुठलीच मर्यादा लागू नाही, अशा एकमेव चौकटीत त्याला खूण करावी लागली. म्हणून १२१ हे पूर्ण १२१ राहिले. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ पाहिलाय तो कुंपणाबाहेरून, पुण्यात येरवड्याला नाहीतर मुंबईत चेंबूरला, त्यामुळे हे समजायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत. चित्रपटात अर्ज भरण्याचा प्रसंग आहे, आणि तो विनोदासाठी वापरून सोडून दिलाय. खलनायक म्हणून एक तुसडा अधिकारी उभा केलाय. माणूस तुसडा असला की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. नियमाची चौकट तुसडी असते तेव्हा तिच्यावर हसायचं कसं, हे सुचायला हवं होतं.

गोल्फमधल्या बरबादीचा दुसरा प्रसिद्ध चित्रपट म्हणजे रॉन शेल्टनचा 'टिन कप', १९९६ चा. केविन कॉस्नर टेक्ससमधल्या एका कोपऱ्यातला, गुणी पण वाया गेलेला गोल्फ शिक्षक आहे. तो यूएस ओपनच्या शेवटच्या होलपर्यंत येतो. समोर पाणी. सावध खेळला तर जिंकायची संधी आहे. तो पाण्यावरून मारतो, बॉल पाण्यात. पुन्हा मारतो, पुन्हा पाण्यात. पिशवीतला शेवटचा बॉल उरेपर्यंत हेच, आणि तो शेवटचा थेट होलमध्ये. एकूण १२ फटके. स्पर्धा गेली, दंतकथा झाली.

हा प्रसंग थरारक आहे, नाकारत नाही. नायकाला करंडक न देण्याचं धाडसही आहे. पण खरं धाडस अजून एका बॉलवर होतं. तोही पाण्यात गेला असता तर? त्या माणसाबद्दल आपल्याला काय वाटलं असतं? पटकथेने तिथे आपल्याला वाचवलंय.

म्हणजे एका चित्रपटात वाईट दिवस लागत नाही आणि दुसऱ्यात तो पराक्रम होतो. 'फँटम' शेवटी हा दुसरा मार्गही धरतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका क्लबाने मॉरिसच्या नावाने स्पर्धा भरवली होती आणि १९८८ मध्ये त्याला आणि जीनला तिथे बोलावलं होतं. हे खरंच घडलं. पण चित्रपट ते अशा ठिकाणी ठेवतो की १२१ ची परतफेड झाल्यासारखी वाटते. इतका वाईट खेळला की प्रसिद्ध झाला, म्हणून ठीक. मग ज्याने १०४ घेतले त्याचं काय? तो ना विजेता, ना विक्रमवीर. त्याच्या नावाने कुणी स्पर्धा भरवत नाही.

हे १०४ वाले आपण आहोत. आपल्या पिढीला अपयशाच्या गोष्टींचं वावडं नाही, उलट त्यांचा सुकाळ आहे. लिंक्डइन उघडा: बारा कंपन्यांनी नाकारलं, तेराव्या कंपनीत आज मी अमुक आहे. प्रत्येक गोष्टीत शेवटचा बॉल होलमध्ये. ज्यांचा अजून पाण्यातच आहे ते पोस्ट टाकत नाहीत. त्यामुळे रात्री फोन हातात धरून वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या वाईट दिवसाची पण काहीतरी गोष्ट व्हायला हवी. ती झाली नाही, तर तो दिवस दुप्पट वाईट.

मराठीत याला पर्यायाची जुनी सोय आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव सतत तोंडघशी पडतो, पण त्याची फजिती तो स्वतः सांगतो आणि तिच्यातून धडा काढत नाही. तो मोठाही होत नाही आणि सुधारतही नाही. पुढच्या गोष्टीत गुंड्याभाऊबरोबर नव्या फजितीला तयार. आमच्या धंद्यातही सिस्टिम बंद पडल्यावर पोस्टमॉर्टेम लिहितात. चांगल्या टीमचा रिवाज असा की कुणाला दोषी धरायचं नाही आणि कुणाला हिरोही करायचं नाही. किती वाजता काय झालं, एवढंच लिहायचं. स्कोअरकार्डही तेच करतं. सातव्या होलवर नऊ. बाकी काही नाही.

'फँटम' बघू नका असं मी म्हणणार नाही. रायलन्स आणि हॉकिन्ससाठी जरूर बघा. जीन मॉरिसकडे ज्या नजरेने बघते तिच्यात स्कोअरला जागाच नाही, आणि चित्रपट त्या नजरेवर थांबला असता तर माझी अर्धी तक्रार मिटली असती.

पण बघून झाल्यावर पुढचंही माहीत असू द्या. आर अँड एने बंदी घातल्यावर मॉरिस वेगवेगळ्या खोट्या नावांनी पात्रता फेऱ्यांत घुसत राहिला. चित्रपटात त्याची धमाल पाठलाग-कॉमेडी होते. १९८३ मध्ये तो जेराल्ड हॉपी बनून आला. नऊ होलला ६३ फटके झाल्यावर त्याला थांबवलं. १९९० मध्ये, वयाच्या साठीत, ऑर्म्सकर्कला जेम्स बो जॉली या नावाने. त्याच्याच सांगण्यानुसार पहिल्या होलवर पारपेक्षा दोन जास्त, दुसऱ्यावर एक. दोन होलला तीन जास्त, म्हणजे होलमागे सरासरी दीड. १९७६ मध्ये हीच सरासरी पावणेतीनच्या आसपास होती. साठ वर्षांचा क्रेनवाला सुधारत होता. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि तिसऱ्या होलवर अधिकाऱ्यांनी येऊन त्याला बाहेर काढलं.