दिवाणखान्यातले प्रेम, स्वयंपाकघरातले प्रेम

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडचे समीक्षक नाक मुरडतात. करमणुकीच्या मालाची कसली आली आहे चिकित्सा, असा त्यांचा पवित्रा असतो. परंतु एखादा समाज कोणाला माणूस समजतो आणि कोणाला केवळ नोकर, हे त्याच्या गंभीर साहित्यापेक्षा त्याच्या करमणुकीत पुष्कळदा अधिक उघडे पडते, कारण तेथे लेखक फारसा सावध नसतो. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेची लॉर्ड पीटर विम्झी ही मालिका या नजरेने वाचण्यासारखी आहे.

मालिका सुरू झाली १९२३ साली, 'हूज बॉडी?' या कादंबरीने. विम्झी हा एका ड्यूकचा धाकटा भाऊ. पैसा मुबलक, पोटापाण्याची चिंता नाही, तेव्हा हौसेखातर तो खुनांचा तपास करतो. १९३० च्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये या तपासात प्रेम शिरले. हॅरिएट व्हेन ही रहस्यकथा लिहून स्वतःचे पोट भरणारी बाई. ती एका लेखकाबरोबर लग्नाशिवाय राहिली; पुढे तो आर्सेनिकने मेला आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. विम्झी खरा गुन्हेगार शोधून तिला फाशीपासून वाचवतो आणि लग्नाची मागणी घालतो. ती नकार देते. १९३५ च्या 'गॉडी नाइट'पर्यंत ती नकारच देत राहते.

या नकारात मालिकेचे खरे मोठेपण आहे. ज्याने प्राण वाचवले त्याच्याशी कृतज्ञतेपोटी लग्न करायचे म्हणजे जन्मभर त्याचे ऋणको होऊन राहायचे, हे हॅरिएटला कळते. माणूस चांगला असला म्हणून त्याच्या उपकाराचे वजन कमी होत नाही. उद्धारकर्त्यांचा अनुभव घेतलेल्या आपल्या वाचकाला ही बाई परकी वाटू नये. सेयर्सला हे कोठून सुचले असेल याचा अंदाज बांधता येतो. ती स्वतः १९१५ साली ऑक्सफर्डची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. पण त्या विद्यापीठात स्त्रियांना पदवीच मिळत नसे. तिला पदवी मिळाली १९२० साली. हक्काची गोष्ट मेहेरबानी म्हणून हाती पडते तेव्हा काय वाटते, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

पण हाच ऋणाचा प्रश्न या मालिकेत दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत कोणी विचारीत नाही. तो म्हणजे विम्झीचा नोकर बंटर. पहिल्या महायुद्धात तो विम्झीच्या हाताखाली सार्जंट होता. युद्धाने विम्झीच्या मेंदूवर घाला घातलेला. रात्री तो तोफा ऐकत उठतो, शत्रू जमिनीखाली भुयार खणत आहे असे त्याला भासते. तेव्हा त्याला शांत करून अंथरुणात निजवणारा बंटरच असतो. आता हिशेब मांडा. हॅरिएट विम्झीची ऋणी, म्हणून बरोबरीचा प्रश्न सोडवायला तीन जाड कादंबऱ्या. विम्झी बंटरचा ऋणी, तेथे मात्र बरोबरीचा प्रश्नच उपस्थित होत नाही. सकाळी चहाचा ट्रे येतो आणि हिशेब मिटतो.

प्रेमाचीही तीच तऱ्हा. 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये विम्झी तुरुंगातल्या हॅरिएटपुढे हृदय उघडे करीत असतो, त्याच वेळी बंटरला संशयिताच्या घरी पाठवले जाते. स्वयंपाकघरात बसून स्वयंपाकीण आणि मोलकरीण यांच्याशी गोड बोलायचे, त्यांना खुलवायचे आणि मेलेल्या माणसाने शेवटच्या जेवणात काय काय खाल्ले हे काढून घ्यायचे, हे त्याचे काम. तो ते चोख करतो आणि वाचक हसतो. मालकाचे प्रेम हा आत्मसन्मानाचा प्रश्न, नोकराचे प्रेम हे तपासाचे हत्यार. त्या मोलकरणीला पुढे काय वाटले असेल? सेयर्सने ते लिहिलेले नाही. बंटरचे लग्नही तिने कधी लावले नाही.

'गॉडी नाइट' ही मालिकेतली सर्वांत समृद्ध कादंबरी, आणि तिच्यात खून नाही. ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक स्त्री-महाविद्यालयात कोणीतरी घाणेरडी निनावी पत्रे पाठवीत आहे, प्राध्यापिकांचे झगे जाळीत आहे, हस्तलिखितांची नासधूस करीत आहे. विदुषी एकमेकींवर संशय घेतात. नोकर बायांना त्या वगळतात. कारण एका चिठ्ठीत लॅटिन ओळ सापडली आहे, आणि फरशी पुसणारीला लॅटिन कोठून येणार? गुन्हेगार निघते ती फरशी पुसणारीच. अ‍ॅनीचा नवरा अभ्यासक होता. आपल्या सिद्धांताविरुद्ध जाणारा पुरावा त्याने दडवला, तो एका विदुषीने उघडकीस आणला. त्याची पदवी गेली, नोकरी गेली, त्याने आत्महत्या केली. दोन मुलींना घेऊन अ‍ॅनी मोलकरीण झाली. ती लॅटिन ओळ नवऱ्याकडून तिच्यापर्यंत आलेली.

शेवटी अ‍ॅनी साऱ्या विदुषींसमोर फुटते. बायकांनी पुरुषांच्या नोकऱ्या घेऊ नयेत, हे तिचे म्हणणे प्रतिगामीच आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण कागदावरच्या सत्यासाठी तुम्ही एक संसार मोडलात, स्वतः फरशी घासून जगून पाहा, हा तिचा सवाल खरा आहे. तो तिच्या तोंडी घालण्याचे धैर्य सेयर्सने दाखवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. नंतर मात्र अ‍ॅनीला उपचारासाठी सोपवून कथा पुढे सरकते. सत्यनिष्ठेबद्दल पानेच्या पाने चर्चा करणाऱ्या या कादंबरीत त्या दोन मुलींच्या भाकरीवर चर्चा किती होते, हे वाचकाने स्वतःच पाहावे. अखेरच्या पानावर विम्झी आणि हॅरिएट पदवीधरांचे झगे घालून ऑक्सफर्डच्या गल्लीत उभे राहतात. तो लॅटिनमध्ये मागणी घालतो, ती लॅटिनमध्येच होकार देते. जी भाषा येणार नाही म्हणून अ‍ॅनीवर कोणाची नजर गेली नाही, तीच ही भाषा.

१९३७ च्या 'बसमन्स हनीमून'मध्ये मधुचंद्राच्या घरातच प्रेत निघते. खुनी आहे बागकाम आणि मोटारीचे काम करणारा फ्रँक क्रचली. गॅरेज काढण्यासाठी साठवलेले चाळीस पौंड त्याने घरमालकाकडे दिले आणि ते बुडाले. पैशाच्या आशेने तो मालकाच्या वयस्क पुतणीला लग्नाचे आमिष दाखवतो, दुसऱ्या एका मुलीला दिवस गेलेले असतात. खालच्या माणसाचे प्रेम येथेही फसवणूकच. तो खुनी आहे, निष्ठुर आहे, हे मान्य. विम्झी आपल्या पैशाने त्याला बडा वकील देतो, तुरुंगात जाऊन भेटतो. क्रचली त्याला झिडकारतो. हॅरिएटने उपकार नाकारले तो तिचा स्वाभिमान ठरला. क्रचलीने नाकारले ती त्याची निगरगट्ट वृत्ती.

फाशीच्या सकाळी विम्झी हॅरिएटच्या कुशीत रडतो. हे रडणे खोटे नाही. आपल्या बुद्धीच्या खेळाचा शेवट दोरात होतो हे मान्य करणारे हेर त्या काळच्या रहस्यकथेत फार थोडे. खुनासाठी फाशी ब्रिटनमध्ये पुढे १९६५ साली स्थगित झाली आणि १९६९ साली रद्द झाली. पण त्या रडण्यातही कुशी आहे ती विम्झीला. क्रचली कोठडीत एकटा आहे. बीबीसीने १९८७ साली हॅरिएटच्या तीन कादंबऱ्या दूरदर्शनसाठी केल्या, त्यात ही नव्हती. ती मालिका होकारापाशी संपली, आणि ही सकाळ पुस्तकातच राहिली.