पोलादावर उतरलेले आकाश

अमूर्त शिल्पासमोर उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे आहे तरी कशाचे? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. तथापि, अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ (१९०६–१९६५) यांच्या ‘क्युबी’ या शिल्पमालिकेपुढे तो थोडा बदलून विचारावा, असे आम्हांस वाटते : हे कोणत्या हातांनी घडले?

स्मिथ यांची जडणघडण जितकी चित्रशाळेत, तितकीच कारखान्यात झाली. १९२५ साली स्टूडबेकर मोटार कारखान्यात त्यांनी काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वे इंजिने व रणगाडे यांचे वेल्डिंग केले. १९६१ ते १९६५ या वर्षांतील ‘क्युबी’च्या २८ शिल्पांत हा कामगार पदोपदी जाणवतो. घन, चौकोनी ठोकळे आणि दंडगोल एवढीच त्यांची बाराखडी. पुठ्ठ्याची खोकी रचून मांडणी अजमावायची आणि मग स्टेनलेस स्टीलचे पत्रे सांधून पोकळ आकार उभारायचे. येथवर सारे काटेकोर आणि काहीसे कोरडे.

त्यानंतर मात्र पत्र्यावर ग्राइंडर फिरतो. त्याची उमटलेली वळणे ब्रशाच्या फटकाऱ्यांसारखी मोकळी आहेत. घन कोणालाही रचता येईल. हे वळण एकाच मनगटाचे आहे. स्मिथ यांनी आपली शिल्पे न्यूयॉर्क राज्यातील बोल्टन लँडिंग येथे, कार्यशाळेभोवतीच्या माळावर उभी केली होती. उघड्यावर त्या ओरखड्यांत ऊन विस्कटते, मळभ निळसर होऊन उतरते. म्हणूनच छपराखाली, स्थिर दिव्यांच्या उजेडात ही शिल्पे अर्धी मुकी होतात, असे आमचे मत आहे.

सगळीच शिल्पे सारख्या तोलाची आहेत, असेही नव्हे. काहींत तोल साधण्याची करामतच अधिक डोळ्यांत भरते. याउलट, मालिकेच्या अखेरीची चौकटीसारखी शिल्पे आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतात. त्यांचा मध्यभाग रिकामा आहे. पलीकडचे झाड, डोंगर, ढग त्यात आपोआप येऊन बसतात.

मे १९६५ मध्ये मोटार अपघातात स्मिथ यांचे निधन झाले. मालिकेतील अठ्ठाविसावे शिल्पही अशीच एक चौकट होती. २००५ साली लिलावात त्याला सुमारे २ कोटी ३८ लाख डॉलर्स मिळाले आणि चर्चा झाली ती किमतीची. ज्या मजुरीच्या हाताने ते घडले, त्याची आठवण वाचकांनी ठेवावी, एवढीच आमची विनंती.