मासा नंतर वाढा

चिनी नववर्ष जवळ आलं की फीडमध्ये एकाच साच्याचे धडे येऊ लागतात. सणाचं ताट दाखवायचं, पदार्थाचं नाव सांगायचं, खाली शुभेच्छा चिकटवायची. मासा म्हणजे ‘यू’, शिल्लक म्हणजेही ‘यू’. म्हणून ‘न्येन न्येन यौ यू’, वर्षानुवर्षं शिल्लक राहो. तांदळाचा चिकट केक ‘न्येनकाओ’. ‘काओ’ म्हणजे उंचही, म्हणून दरवर्षी वर चढत जा. युक्ती झकास आहे. तिळगुळासोबत ‘गोड बोला’ शिकलेल्या आपल्याला ती लगेच पटते.

पण शीर्षकात ‘रोजचं चिनी’ लिहिलेलं असतं, आणि तिथेच हे धडे फसवतात. कोणी मराठीतलं ‘तिळगूळ घ्या’ एवढंच शिकून मारेगावच्या स्टँडवर उतरला, तर वणीची गाडी कधी लागते हे त्याला विचारता येईल का?

दुसरी खोट उच्चारांची. बरेच धडे नुसती रोमन अक्षरं दाखवतात, सुरांच्या खुणा गाळतात. मीही तसाच शिकलो. व्हिडिओ कॉलवर चिनी सहकारी मुलीला सांगितलं, मला ‘श्वेइच्याओ’ आवडतात. ती हसून म्हणाली, मग झोप जाऊन! करंजीच्या आकाराचे, पाण्यात उकळलेले ते सणाचे पदार्थ आणि झोपणं, अक्षरं तीच, सूर वेगळे. साखर आणि सूप दोन्ही ‘थांग’, फरक फक्त सुराचा.

शिवाय त्या रोमन लिपीतला ‘जी’ आपल्या ‘क’जवळचा आणि ‘के’ ‘ख’जवळचा. क-ख, त-थ हा फरक मराठी कानाला बालवाडीपासून कळतो. इंग्रजीवरून उचललेले मराठी धडे हा आयता फायदा वाया घालवतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. कुठे दुखतंय, हे विचारायला त्यांना भाषा हवी होती. मुलाचं नाव ‘यिनहुआ’ ठेवलं गेलं : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. भाषा गरजेतून आली की अशी घरात शिरते.

या धड्यांत मला हवं असलेलं वाक्य सणाच्या ताटात नसतंच. ‘छ्र ल मा?’ म्हणजे ‘जेवलास का?’ चीनमध्ये हा भेटल्यावरचा जुना रामराम. घरून फोन आला की आईचा पहिला प्रश्नही हाच. धडा इथून सुरू करा. मासा नंतर वाढा.