ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातील प्रात्यक्षिक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रंथालय व माहितीशास्त्र हे उपयोजित शास्त्र असल्याने त्याच्या अध्यापनात प्रात्यक्षिकाचे महत्त्व निर्विवाद आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी २०२३ मध्ये ठरविलेल्या आराखड्यात पदव्युत्तर स्तरावर ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प यांसाठी स्वतंत्र श्रेयांक ठेवण्यात आले. तथापि विद्यार्थ्याने किती तास काम केले, यावरून तो काय शिकला हे ठरत नाही. त्याने कोणता निर्णय स्वतः घेतला आणि तो कोणी तपासला, हीच प्रात्यक्षिकाची खरी कसोटी होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया येथे सुरू केलेल्या ग्रंथालयशाळेचा भर प्रत्यक्ष कामावर होता. १९२३ च्या विल्यमसन अहवालाने व्यावसायिक काम आणि कारकुनी काम यांत भेद करून हे शिक्षण विद्यापीठात न्यावे, असे सुचविले. हा भेद योग्यच होता. परंतु त्यावरून हाताने करावयाचे काम म्हणजे कारकुनी काम, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. १९२४ मध्ये इंग्लंडला गेलेल्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांना तेथील ग्रंथालयांचे व्यवहार जवळून पाहताना प्रचलित वर्गीकरण पद्धतींच्या मर्यादा जाणवल्या. त्या निरीक्षणातूनच पुढे १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. येथे अनुभवातून सिद्धान्त घडला.

सद्यःस्थिती :
वर्गातील प्रात्यक्षिकात बहुधा आख्यापृष्ठाचा नमुना दिला जातो व एकच अपेक्षित उत्तर वहीत लिहिले जाते. तेथे ना ग्रंथ असतो, ना वाचक. प्रत्यक्ष ग्रंथालयात गेल्यावर विद्यार्थ्याच्या वाट्याला अनेकदा शिक्के मारणे, बारकोड चिकटविणे आणि पुस्तके लावणे हीच कामे येतात. ग्रंथालयाचे साचलेले काम उरकते, उपस्थितीचे प्रमाणपत्रही मिळते; शिक्षण मात्र बाजूलाच राहते.

निर्णयाचे उदाहरण :
वि. वा. शिरवाडकर यांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने, तर नाटके मूळ नावाने प्रसिद्ध आहेत. अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार अशी दोन नावे स्वतंत्र ठेवून ती परस्परसंदर्भाने जोडता येतात. हा संदर्भ राहून गेला तर ‘नटसम्राट’ वाचून त्याच लेखकाचे अन्य साहित्य शोधणाऱ्या वाचकाला ‘विशाखा’ सापडणार नाही. अशी एक नोंद स्वतः करणाऱ्या आणि तिचे कारण सांगणाऱ्या विद्यार्थ्याला नियमामागील हेतू कळतो. शंभर बारकोड चिकटवून तो कळणार नाही.

आक्षेप व परीक्षण :
विद्यार्थ्याच्या चुकीमुळे तालिका बिघडेल आणि ग्रंथपालाकडे मार्गदर्शनास वेळ नसतो, असे दोन आक्षेप घेतले जातात. पहिल्याचे निराकरण शक्य आहे. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली विनामूल्य असल्याने सरावासाठी वेगळी प्रत उभारता येते आणि तपासलेल्या नोंदीच मुख्य तालिकेत घेता येतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मार्गदर्शनाचा वेळ ग्रंथपालाच्या कार्यभारात धरला जात नाही, तोपर्यंत ते त्याच्या सौजन्यावरच अवलंबून राहील. ही जबाबदारी विद्यार्थी पाठविणाऱ्या विभागाने टाळता कामा नये.

निष्कर्ष :
नित्याची कामे विद्यार्थ्यास माहीत असावीत, परंतु श्रेयांकांचा आधार ती असू नयेत. विभाग व ग्रंथालय यांनी कामाचे स्वरूप आधी लेखी ठरवावे. विद्यार्थ्याने मोजक्याच नोंदी सकारण कराव्यात. ग्रंथपाल व अध्यापक यांनी त्या एकत्र तपासाव्यात आणि गुण तासांना नव्हे, तर कारणमीमांसेला द्यावेत. अन्यथा ऑन जॉब ट्रेनिंग हे विनावेतन मनुष्यबळाचेच दुसरे नाव ठरेल.