अर्ध्या अँपिअरचे वाचन

बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजमधून कॉइल, कॉइलमधून ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि ईसीयूच्या आतून अर्थ. पेट्रोल गाडीच्या वेंट व्हॉल्व्हचे सर्किट एवढेच. वायरिंगच्या पुस्तकात ते कोपऱ्यात कुठेतरी छापलेले असते आणि नजर त्यावरून घसरून पुढे जाते. त्यातला दोष शोधणारा जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन शेजारी उभे राहून पाहावा, म्हणजे या चार टप्प्यांची खोली कळते.

आधी व्हॉल्व्हचे काम. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत न जाता कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये मुरते. इंजिनाजवळचा पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ती इंजिनात ओढली जाऊन जळते, आणि तिच्या जागी वेंटमधून ताजी हवा येते. म्हणजे वेंट एरवी उघडाच हवा. मग त्याला वीज कशासाठी? अमेरिकेत १९९६ पासून गाडीने आपली गळती आपणच ओळखायची असा नियम आला. आधी एक मिलिमीटरचे भोक, पुढे अर्ध्या मिलिमीटरचेसुद्धा. त्यासाठी वेंट मिटायचा, टाकीतली थोडी हवा ओढून घ्यायची आणि दाब टिकतो का ते पाहायचे. आपल्याकडचे ओबीडीचे, म्हणजे गाडीने स्वतःला तपासण्याचे, नियम पर्ज व्हॉल्व्हचे सर्किट तुटलेले नाही ना, इतके तरी तपासायला सांगतात. त्यामुळे बहुतेक देशी गाड्यांत विजेचा व्हॉल्व्ह पर्जचाच असतो. पण चार टप्पे तेच, आणि वाचायची रीतही तीच.

ठाण्यातल्या कोलशेतला हे सर्किट लवकर आजारी पडते, असे मला वाटते. ज्या गाडीत विजेचा वेंट व्हॉल्व्ह आहे, तिच्यात तो बहुधा मागे, टाकीपाशी, गाडीच्या पोटाखाली असतो. इथे खाडीकाठची खारट दमट हवा आहे, पावसात रस्त्यावर साचलेले पाणी आहे, उरलेले आठ महिने बांधकामांची धूळ आहे. तारा जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘कार्बन धरलाय.’

आता खरे वाचन. व्हॉल्व्ह बंद-चालू करणारी चावी ईसीयूच्या हातात आहे आणि ती अर्थच्या बाजूला आहे. चावी मिटलेली नसते तेव्हा प्रवाह वाहत नाही, म्हणून ईसीयूच्या पिनपर्यंत सगळीकडे १२ व्होल्ट उभे असतात. अनेक ईसीयू त्या पिनवर स्वतःहून एक मधलाच व्होल्टेज हलकेच धरून ठेवतात. कॉइल जोडलेली असेल तर बॅटरीचे १२ त्याला वर ओढतात. तार तुटली तर मधलाच आकडा राहतो, आणि तार बॉडीला टेकली तर शून्य. दोषाचा कोड पी०४४७ म्हणजे ओपन, पी०४४८ म्हणजे शॉर्ट, हा निवाडा एका पिनवरून होतो. या रचनेला मी मनापासून दाद देतो.

पण जो दोष ईसीयूलाही चकवतो, तो याहून सरस आहे. समजा कॉइल २४ ओहमची आहे. धडधाकट सर्किटमधून अर्धा अँपिअर वाहतो. पुरवठ्याच्या तारेवरच्या एखाद्या मधल्या कपलरच्या पिनवर कार्बन धरून आणखी २४ ओहम वाढले, तर प्रवाह पाव अँपिअर होतो आणि कॉइलच्या वाट्याला सहाच व्होल्ट येतात. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. ईसीयूला मात्र पिनवर चावी उघडी असताना १२ दिसतात, मिटल्यावर जवळजवळ शून्य. त्याच्या लेखी सर्किट ठणठणीत. मग गळतीचा कोड येतो, पेट्रोलचे झाकण बदलले जाते, नळ्या बदलल्या जातात आणि चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागतो.

इथे मल्टिमीटरही दगा देतो. व्हॉल्व्हचा कपलर काढून तपासले तर स्वच्छ १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः जेमतेम मायक्रोअँपिअर ओढतो आणि एवढ्याशा प्रवाहाला २४ ओहमचा अडथळा जाणवतच नाही. शिवाय वाटेतले कपलर काढून परत लावताना पिना घासल्या जातात, काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि श्रेय नव्या व्हॉल्व्हला मिळते.

जाणता माणूस कपलर काढतच नाही. तो व्हॉल्व्हच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक पिन सरकवतो, स्कॅनरवरून व्हॉल्व्ह चालू करतो आणि काम करत असलेल्या कॉइलच्या दोन टोकांवर मीटर धरतो. सहा. मग मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कॉइलच्या पुरवठ्याच्या पिनवर. पुन्हा सहा. हरवलेले व्होल्ट त्याच बाजूला सापडले, अर्थकडे जायची गरजच उरली नाही. दोन मापांत निकाल. मला या कामात सर्वांत देखणे हेच वाटते: प्रश्न सर्किट राबत असताना विचारायचा.

काहीजण पुरवठ्याच्या तारेवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहतात. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून अशा तारेवर जेमतेम मिणमिणतो. युक्ती उत्तम आहे. पण कॉइलच्या जागी तो लावून ईसीयूला चालवायला देऊ नये, आतला ड्रायव्हर जळू शकतो.

तुमच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोणी व्हॉल्व्ह बदलायला सांगितला, तर आधी एवढेच विचारा: व्हॉल्व्ह चालू असताना त्याच्या दोन पिनांमध्ये किती व्होल्ट आहेत? आकडा मिळेपर्यंत नवा व्हॉल्व्ह घेऊ नका.